मागे जायचं बटण

ट्युनिस, ९ नोव्हेंबर

प्रिय दोरसाफ,

सलाम. तुला पत्र लिहायचं म्हणजे आधी मन घट्ट करावं लागतं. आमच्या ‘मर्सा ४’ या अरबी लिनक्सचं परीक्षण करताना तू लिहिलं होतंस, “ज्याने हा इन्स्टॉलर लिहिला त्याने तो एकदा तरी स्वतः चालवून बघावा.” ते वाक्य कुणीतरी छापून ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलंय, तेही नेमकं माझ्या खुर्चीच्या मागे. चहा घेऊन येणारा प्रत्येक जण ते मोठ्याने वाचतो आणि मगच माझ्याशी बोलतो.

तरी पुन्हा तुझ्याच दारात आलोय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ‘मर्सा ५’ फेब्रुवारीत बाहेर पडतंय आणि त्याचा इन्स्टॉलर मी पहिल्यापासून नव्याने लिहिलाय. लिनक्स आतून कितीही गुणी असो, माणूस पहिल्यांदा भेटतो तो इन्स्टॉलरला. तोच ते कॉम्प्युटरवर बसवतो, आणि तो पहिल्या भेटीत घाबरवायला लागला की माणूस आल्या पावली विंडोजच्या दारात. पुढच्या वर्षी शाळाशाळांतून हे बसवायचं ठरतंय, म्हणून तुझं परीक्षण आधी हवंय. डिस्कची निवड आता चित्रातून होते. दोन खणांच्या कपाटासारखं चित्र, हवा तो खण बोटाने दाखवायचा, संपलं. तू शिकवतेस त्या शाळेच्या म्हाताऱ्या हेडमास्तरांनाही जमेल.

आणि आमच्या ऑफिसातली, तुला देऊ केलेली परीक्षकाची खुर्ची अजून रिकामीच आहे. विचारलं की दरवेळी तू अम सादोकची, तुझ्या बाबांची, तब्येत पुढे करतेस. तुझी मन्नूबियाआत्या दोन घरं सोडून राहते आणि “भावाला मी बघते, तू जा” म्हणून घसा कोरडा करते, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस.

वसतिगृहातला माझा खोलीसोबती महरेझ असता तर हे काम त्यालाच सांगितलं असतं. तुझ्या भावाने तुझ्या दुप्पट शिव्या घातल्या असत्या, पण निदान हसत हसत.

पत्रं नेहमीसारखी मेलनेच, पेनड्राइव्ह तेवढा टपालाने पाठवतोय. सुकवलेला ऑक्टोपस परतीच्या टपालाने आला तर नाही म्हणणार नाही.

तुझा
नौफेल


रेमला, केर्केना, १५ नोव्हेंबर

नौफेल खुय्या,

पेनड्राइव्ह मिळाला. ऑक्टोपस मिळणार नाही. तुला खुय्या, भाऊ म्हणते खरी, पण परीक्षकाकडेच लाच मागणारा तू पहिलाच.

शाळेतल्या एका मशीनवर नुसता सुरू करून बघितला. पहिला पडदा सुंदर झालाय, हे मान्य करते आणि इथेच विसरते. भाषांच्या यादीत अरबी सगळ्यात वर आहे. मी अर्थातच अरबी निवडली. अक्षर डोळ्यांना सुखाचं आहे. मात्र “कीबोर्ड तपासून पहा” असं म्हणून जी चौकट दिलीस त्यात उमटलेलं अक्षर इतकं बारीक, की ते तपासायला आधी चष्मा तपासावा लागतो. हे परीक्षणात येईल.

खरी चाचणी मात्र घरच्या मशीनवर करणार आहे, महरेझच्या. ऐक, का ते.

तुला माहीत आहे, तो परदेशी जायला त्या चोरट्या बोटीत बसून गेला त्याला दोन हिवाळे झाले. फोन नाही, निरोप नाही, कुठल्या किनाऱ्यावरून काही कळलं नाही. बाबांना झटका आला तो त्यानंतरच्या थंडीत. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरले ते ‘हो’, ‘नाही’, ‘वारा’ आणि असेच काही सुटे शब्द. शिव्या तेवढ्या शाबूत आहेत, अल्लाची कृपा. शुक्रवारी नमाज आणि कुसकुस झालं की बाबा काठी टेकत महरेझच्या खोलीत येऊन बसतात आणि मी मशीन लावते. त्यावर महरेझने बाबांच्या मासेमारीच्या बोटीवर टिपलेले आवाज आहेत. बाबा त्याला शर्फिया, मासे धरायचं कुंपण, कशी रोवायची ते शिकवतायत, झावळ्या मोजतायत, त्याला गाढव म्हणतायत, तो हसतोय. बाबांचं बोलणं धड होतं तेव्हाचं सगळं. या घरात आता बोलणारी एवढीच जागा उरलीय.

पण मशीनवरचं लिनक्स जुनं झालंय. मधेच अडकतं, आवाज फाटतो. गेल्या शुक्रवारी सुरूच होईना, तेव्हा बाबांचा चेहरा असा झाला की मी ठरवलं, आता हे नवं करायचंच. डिस्कवर दोन खण आहेत. एकात महरेझचं सगळं, दुसऱ्यात कुणी न वापरलेलं विंडोज. विंडोजच्या खणात तुझं मर्सा बसवते, महरेझच्या खणाला हातही न लावता. मर्सामधून तो खण उघडला की आवाज ऐकता येतील. बरोबर ना?

तुझी बहीण
दोरसाफ


ट्युनिस, १७ नोव्हेंबर

दोरसाफ,

बरोबर. शंभर टक्के. दुसऱ्या खणाच्या केसालाही धक्का लागत नाही, ही हमी माझी. पण नियम म्हणून सांगतो, आधी महरेझच्या खणाची नक्कल काढून ठेव. हे तू तुझ्या मुलांना वर्गात घोकून घेतेस, मी काय सांगू.

नौफेल


रेमला, १९ नोव्हेंबर

खुय्या,

नक्कल काढता येणार नाही. बाबांच्या बोटीवरचा जुना नियम आहे. समुद्रावर गेलेल्याची वस्तू तो येईपर्यंत हलवायची नाही आणि तिच्यासारखी दुसरी करायचीही नाही. दुसरी केली की समुद्राला कळतं, घरच्यांनी आशा सोडली. महरेझचा कप अजून खिळ्याला टांगलेला आहे आणि आम्ही पाहुण्याला काचेच्या ग्लासात कॉफी देतो.

मागे एकदा मी नक्कल काढायला बसले होते. बाबा दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, “नाही.” मी वायर काढून ठेवली. हसशील, पण तेव्हा मलाही बरंच वाटलं. मेलेल्या माणसाच्या वस्तूंची नक्कल काढतात, जिवंत माणूस येऊन स्वतःचं स्वतः बघतो.

तुझी हमी आहे तेवढी पुरे.

दोरसाफ


रेमला, २९ नोव्हेंबर

नौफेल,

परीक्षणाची टिपणं पाठवते.

खणांचा पडदा: चित्र देखणं. खण बोटाने दाखवला की लगेच “पुढे”. कुठला खण दिला याची पुन्हा एकदा नावानिशी विचारणा नाही.

वेळेचा पडदा: जगाच्या नकाशावर आपलं गाव दाखवायचं. तुझ्या नकाशात आमचं केर्केना बेट नाहीच. आमच्या जागी नुसतं पाणी. मी पाण्यात टिचकी मारली तर म्हणे “त्रिपोली”. जरा वर मारली तर “रोम”. बाबा शेजारीच बसले होते. त्यांना दाखवलं तर त्यांनी तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अगदी स्पष्ट उच्चारात. आम्ही खूप हसलो.

नावाचा पडदा: वापरणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड. इथे “मागे” हे बटण राखाडी आहे. दाबलं तरी दबत नाही. का? माणसाला मागच्या पडद्यावर जाऊन काही बघायचं असलं तर त्याने काय करावं?

आणखी एक विचारायचं होतं. माणूस याच पडद्यावर थांबला, नाव लिहिलंच नाही, पुढेही गेला नाही, मशीन तसंच चालू ठेवलं, तर काय होतं?

दोरसाफ

ता.क. वारा सुटलाय. लूद, पलीकडे नेणारी फेरीबोट, बंद. समोरच्या किनाऱ्यावर स्फॅक्सचे दिवे दिसतात आणि जाता येत नाही.


ट्युनिस, १ डिसेंबर

दोरसाफ,

नकाशाचं वाचून ऑफिसात हशा पिकला. केर्केना घालतो, वचन. अम सादोकच्या शिव्या मोठ्या मनाने स्वीकारल्या आहेत.

“मागे” राखाडी आहे कारण तीच तर गंमत आहे! जुना इन्स्टॉलर आधी सगळे प्रश्न विचारायचा आणि मग कामाला लागायचा. माणूस ताटकळत बसायचा. माझा इन्स्टॉलर खण मिळाला की तिथेच काम सुरू करतो. तू नकाशावर गाव शोधत असतेस तोवर मागे खण साफ करून फाइली लिहून मोकळा. नावाच्या पडद्याशी पोचलीस की काम जवळपास उरकलेलं. एकदा लिहायला लागल्यावर मागे कसं जाणार? म्हणून बटण राखाडी. वेळ निम्मा झालाय, हे परीक्षणात जरूर लिही.

तिथे थांबलं तर काही होत नाही. थांबायचं तेवढं थांब, चहा पी. वारा आहे म्हणतेस तर दुसरं करणार तरी काय!

नौफेल


रेमला, ३ डिसेंबर

नौफेल,

अरबी निवडल्यावर तुझा पडदा उजवीकडून डावीकडे होतो. व्हायलाच हवा. खणांच्या चित्रावरची नावं तशीच उलटी होतात. खण मात्र उलटे होत नाहीत. ते इंग्रजी-फ्रेंचमध्ये जिथे असतात तिथेच राहतात. म्हणजे “विंडोज” असं लिहिलेल्या खणावर बोट ठेवलं की प्रत्यक्षात शेजारचा खण दिला जातो.

शाळेतल्या मशीनवर दोन खण पाडून पुन्हा पुन्हा करून बघितलं. दरवेळी हेच.

अशा वेळी चुकून दिल्या गेलेल्या खणाचं काय होतं? लवकर कळव.

दोरसाफ


ट्युनिस, ६ डिसेंबर

दोरसाफ,

उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र वाचल्यावर आम्ही सगळे एका मशीनभोवती जमलो आणि अरबी निवडून बघितलं. तू म्हणतेस ते खरं आहे.

मग शोध लागला तो असा. आम्ही सगळे बिस्मिल्ला म्हणून जेवणारे, अरबी लिनक्स बनवतो म्हणून मुलाखती देणारे, आणि एकूण एक जण स्वतःचं मशीन फ्रेंचमध्ये चालवतो. चाचणीसुद्धा फ्रेंचमध्येच. अरबी कुणी निवडलीच नव्हती. भाषांतर करणाऱ्या बाईंनी शब्द दिले, आम्ही ते घातले, यादीत अरबी सगळ्यात वर ठेवली आणि खाली उतरून फ्रेंचवर टिचकी मारली. दिव्याखाली अंधार म्हणायचं की काय म्हणायचं, तूच ठरव.

आता एक विनंती, आणि ती भाऊ म्हणून. दुरुस्ती सोपी नाही, चित्राचा सगळा भाग पुन्हा लिहावा लागेल. तारीख जाहीर झालीय. शाळांची मशीनं कोरी असतात, तिथे खणांचा प्रश्नच नाही. ज्याने अरबी निवडलीय, ज्याच्या डिस्कवर दोन खण आहेत आणि एकातलं मोलाचं आहे, असा माणूस सापडणार किती? एवढा एक मुद्दा परीक्षणात फेब्रुवारीनंतर घाल. बाकी हवं ते झोड. पुढच्या आवृत्तीत मी स्वतः दुरुस्त करतो.

चुकून दिलेला खण साफ होतो. नक्कल असेल तर परत आणता येतं, नसेल तर अवघड.

नौफेल


रेमला, ७ डिसेंबर

नौफेल,

असा माणूस सापडणार किती, विचारतोस? एक सापडली. तुझी बहीण.

महरेझचा खण गेला. टिपणं पाठवली त्याच्या आधीच्या गुरुवारीच गेला. विंडोज जागच्या जागी सुखरूप आहे, कुणालाही नको असलेलं. नावाच्या पडद्यावर मला शंका आली, “मागे” दाबलं, दबेना. खाली एक बारीक रेघ पुढे सरकत होती. पडद्यावर दुसरी खिडकी उघडून डिस्क बघितली तेव्हा महरेझच्या खणात त्याचं काहीच नव्हतं. मी नकाशातल्या पाण्यात टिचक्या मारत होते, बाबा हसत होते, झटक्यानंतर पहिल्यांदा इतके हसले ते. आणि त्याच वेळी मागे त्यांचाच आवाज पुसला जात होता. मला ते हसू आठवलं की कानावर हात ठेवावेसे वाटतात.

मशीन अजून त्याच पडद्यावर आहे. पुढे जायचा धीर नाही, मागे जायची सोय नाही, बंद करायचं भय. बंद केलं आणि काही उरलेलं असलं तर तेही जाईल असं वाटतं. म्हणून वर चादर टाकून ठेवलीय. चादरीखाली ते गुरगुरत असतं. शाळेतून आले की आधी तो आवाज येतोय का ते ऐकते. वाऱ्याने वीज जाते-येते करतेय. दिवा लुकलुकला की माझा जीव जातो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बाबा येऊन बसले. म्हटलं, मशीन आजारी आहे, नौफेल औषध पाठवतोय. त्यांनी मान हलवली. परवाच्या शुक्रवारी पुन्हा आले. मी तेच सांगितलं. त्यांनी चादरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बसूनच राहिले, काही वाजत नसताना, दिवस कलेपर्यंत.

बाबा आयुष्यभर शर्फिया रोवत आले. समुद्रात झावळ्यांचं कुंपण असं घालायचं की मासा वाट समजून आत येतो आणि शेवटच्या कोठीत जातो. त्यातसुद्धा आलेली वाट उघडी असते, नौफेल. तुझ्या इन्स्टॉलरने तीही बंद केली.

नक्कल काढली नाही हा दोष माझा, तो मी तुझ्यावर ढकलत नाही. पण मला कळतच नाही, मी या घरात आता काय बोलू. लूद चालू असती तरी कुठे गेले असते? बाबांना सांगितलं तर ते खचतील आणि नाही सांगितलं तर दर शुक्रवारी तिथे बसतील.

आणि तू मला तारखा सांगतोस.

दोरसाफ


ट्युनिस, ७ डिसेंबर, दुपार

दोरसाफ,

तुझं पत्र वाचलं. स्वतःची बाजू मांडायला माझ्याकडे काही नाही आणि तेवढा वेळही नाही. आधी हे कर.

मशीनची वायर सरळ ओढून काढ. आत्ता. ते चालू ठेवून काहीही वाचत नाही, उलट चालू मशीन मधेमधे डिस्कवर काहीतरी लिहीत राहतं. तिथे थांब, चहा पी, असं मीच तुला लिहिलं होतं, माझ्या तोंडाला आग लागो.

आता नीट ऐक. खण ‘साफ’ होतो म्हणजे त्यातली प्रत्येक गोष्ट खरवडली जात नाही. कुठे काय आहे ते सांगणारी यादी पुसली जाते, आणि नव्या फाइली बसतात त्या थोड्या जागेवर. महरेझचा खण मोठा होता. बाकी जागेवर जे होतं ते बरंचसं तिथेच असणार, नावगाव हरवून. ते शोधून काढता येतं. सगळं नाही, पण येतं. पण ते तुझ्या घरी बसून नाही. डिस्क काढून माझ्याकडे पाठव. मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

म्हणजे अम सादोकना सांगावं लागेल. महरेझची वस्तू समुद्रापलीकडे पाठवायची आणि त्यांना न सांगता, हे तू करणार नाहीस, मलाही करवणार नाही.

परीक्षण आजच छाप. मी साहेबांना सांगून आलोय, खण सुलटे होईपर्यंत मर्सा ५ बाहेर पडणार नाही. त्यांनी काय म्हटलं ते नंतर सांगेन.

नौफेल


रेमला, १३ डिसेंबर

नौफेल,

वायर ओढली. खोली इतकी शांत झाली की बाबाच उठून आले.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. खण, नावं, बटण, औषधाचं खोटं. त्यांना किती कळलं ते अल्ला जाणे. मी सारखी एकच गोष्ट म्हणत होते, “बाबा, मी पुसलं.” शिव्या येतील असं वाटलं होतं. आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डावा हात लांब करून चादर ओढली आणि मशीनवर तळवा ठेवला, बराच वेळ, ताप बघतात तसा.

मी म्हटलं, “नौफेल म्हणतो, काही सापडेल. पण डिस्क ट्युनिसला पाठवायला हवी. समुद्र ओलांडून.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता “नाही” येणार.

त्यांनी डोक्यावरची शाशिया काढून माझ्या मांडीवर ठेवली. मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी डिस्ककडे बोट केलं, टोपीकडे केलं आणि म्हणाले, “वारा.” थंडी-वाऱ्यात उघडी पाठवू नको, असं.

तुला ठाऊक आहे, झोपताना सोडलं तर ते ती लाल टोपी काढत नाहीत. त्यांचं टक्कल मी इतक्या उजेडात पहिल्यांदाच बघितलं. मी रडले. त्यांनी मला एक शिवी घातली, नेहमीचीच, आणि मला हायसं वाटलं.

आज वारा पडला, लूद सुटली. मी पलीकडे स्फॅक्सपर्यंत गेले, डिस्क टोपीत गुंडाळून ट्युनिसला जाणाऱ्या लुआजच्या, भाड्याच्या गाडीच्या, ड्रायव्हरच्या हाती दिली आणि त्याच लूदने परत आले. मधल्या वेळात आत्या बाबांपाशी होती. परतले तेव्हा दोघं भांडत होती, म्हणजे आत्या भांडत होती आणि बाबा आपल्या शिव्या आलटूनपालटून वापरत होते. घर भरल्यासारखं वाटलं.

परीक्षण छापलंय. नाव घेऊन झोडलंय तुला. शेवटी एवढंच लिहिलंय, की हा इन्स्टॉलर मी माझ्या भावाच्या मशीनवर चालवला, आणि ज्याला मागे जाता येत नाही अशा पडद्यावर कुणालाही एकटं सोडू नये.

दोरसाफ


ट्युनिस, ४ जानेवारी

दोरसाफ,

टोपी तेव्हाच पोचली, डिस्कही; काही हाती लागेपर्यंत लिहायचा धीर झाला नाही. ऑफिसभर मासळीचा वास सुटला, पण तुझं परीक्षण सगळ्यांनी वाचलेलं असल्यामुळे कुणी नाक मुरडलं नाही. भिंतीवरचा जुना कागद मी स्वतः काढला आणि तुझं नवं शेवटचं वाक्य लावलं. साहेबांनी चडफडत तारीख पुढे ढकललीय आणि आता आमच्याकडे नियम झालाय. प्रत्येकाचं मशीन अरबीत. पहिले काही दिवस सगळे आंधळ्यासारखे चाचपडत होते, स्वतःच्याच भाषेत.

आता मुख्य गोष्ट. सापडलं.

सगळं नाही. सुरुवातीच्या भागावर मर्साच्या फाइली बसल्या, तिथलं कायमचं गेलं, ते मी लपवणार नाही. पण उरलेल्या जागेतून आवाज निघतायत, एकामागून एक. नावं नाहीत, तारखा नाहीत, क्रम नाही. पहिला उघडला तर नुसतं पाणी आणि वल्ह्याची करकर. दुसऱ्यात महरेझ खोकला आणि म्हणाला, “बाबा, चालू आहे हे, बोला.” मी हेडफोन काढून बाहेर जाऊन उभा राहिलो. वसतिगृहात तीन वर्षं त्याच्या खोकल्याने माझी झोप मोडायची.

थोडे तुला मेलने पाठवतोय, अम सादोकना ऐकव. कुठला कधीचा ते त्यांनाच सांगता येईल.

पण एक परवानगी हवी. सापडलेलं त्याच डिस्कवर परत ठेवता येत नाही, ठेवलं तर उरलेलं मोडेल. दुसऱ्या डिस्कवर उतरवावं लागेल. म्हणजे नक्कलच. त्यांचा नियम मला माहीत आहे. तू मला “कर” म्हणालीस तरी मी तुझ्या शब्दावर करणार नाही. त्यांना विचार; नको म्हणाले तर मेलने पाठवलेलंही पुसून टाकू.

नौफेल


रेमला, १० जानेवारी

नौफेल खुय्या,

काल शुक्रवार होता. कुसकुस झालं. आत्याही थांबली. मी लॅपटॉप महरेझच्या खोलीत नेला आणि तू पाठवलेले आवाज एकेक करून लावले.

पाण्याच्या आवाजाला बाबा म्हणाले, “वारा.” मग हाताने वाऱ्याची दिशा दाखवली. दुसऱ्याला म्हणाले, “गाढव,” आणि डोळे पुसले. तिसरा लावला तर त्यात बाबा स्वतः. पूर्वीचे. आवाज खणखणीत, वाक्यं पुरी. महरेझ विचारत होता, कोठीला दार का नाही लावत, मासा पळून गेला तर? आणि बाबा म्हणत होते, “दार कशाला? आला ती वाट उघडीच असते. मागे वळला तर सुटेल. पण मासा पुढेच पोहत राहतो. त्याला वाटतं, पुढे समुद्र आहे. माणूस असता तर वळला असता. तू वळला असतास का रे गाढवा?” आणि महरेझ हसला.

बाबांनी हात वर केला. मी थांबवलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तेच. पुन्हा. ते आपलाच आवाज ऐकत होते आणि माझ्याकडे बघत होते. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे असं बघितल्याचं मला आठवत नाही.

मग मी विचारलं. “बाबा, नौफेल विचारतो, याची नक्कल करू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही.”

खिळ्याला महरेझचा कप होता, मी त्याच्याकडे बघत बसले. वाटलं होतं, “नाही” म्हणतील. फार तर “हो” म्हणतील असं मनातल्या मनात मागत होते.

बाबा म्हणाले, “दोन.”

मला वाटलं चुकून आला शब्द, येतात तसे. “दोन नकला? दुसरी कुणाला, बाबा?”

त्यांनी डाव्या हाताचं एक बोट स्वतःच्या छातीला लावलं. मग हनुवटीने मला दाखवलं, आणि मग खिडकीतून धक्क्याची बाजू, जिथून लूद सुटते. आणि मला अजून कळलं नाही असं बघून एक सणसणीत शिवी घातली. आत्या म्हणाली, “आता तरी कळलं का गं? मी दोन वर्षं सांगतेय तर ऐकू येत नव्हतं.” तिने आपली उशी कालच इथे आणून टाकली. बाबांनी तिच्यावर थुंकल्यासारखं केलं आणि नंतर तीच पाठीशी घेऊन झोपले.

मी सोमवारच्या लूदने येतेय. एक डिस्क बाबांना आणून पोचवीन आणि माझी घेऊन परत निघेन, शाळेचं वर्ष संपलं की राजीनामा देऊन. ती खुर्ची कुणाला दिली नसशील तर माझ्यासाठी धर, भिंतीला पाठ लागेल अशी.

आणि टोपी काढून ठेव. मी निघतेय म्हटल्यावर बाबांनी पहिल्यांदा टकलावर हात फिरवून दाखवला.

ऑक्टोपस आणतेय. ही लाच नाही, तू खण सुलटे केलेस की नाही ते मी आल्या आल्या बघणार आहे, अरबीत.

तुझी बहीण
दोरसाफ